चाकाच्या तुंब्यातली वीज

घरात नवी गाडी आली की पेढा हातावर पडायच्या आत पाहुण्यांचा पहिला प्रश्न येतो, ॲव्हरेज किती देते? गाडीचा रंग, तिची ऐट, तिचा वेग हे सारे नंतर. लिटरमागे किती किलोमीटर, यावरच मराठी मध्यमवर्गीय माणसाचे गाडीविषयीचे मत ठरते. अलीकडे या प्रश्नाला हायब्रिड गाड्यांचे मालक जरा छाती फुगवून उत्तर देतात. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही यंत्रे एकाच गाडीत नांदवणारी ही व्यवस्था. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस जपान्यांनी शोधून काढली, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात १९०० साली व्हिएन्ना शहरात पत्रेकाम करणाऱ्या एका कारागिराच्या मुलाने अशी गाडी तयार करून चालवून दाखवली होती. त्याचे वय तेव्हा अवघे पंचवीस. नाव फर्डिनांड पोर्शे.

हे नाव आज आठवते ते महागड्या, वेगवान गाड्यांमुळे, फार तर फोक्सवॅगनच्या कासवासारख्या दिसणाऱ्या 'बीटल'मुळे. पण या माणसाच्या आयुष्याचा आरंभ विजेच्या गाडीने झाला आणि पेट्रोल व वीज यांचा संसार मांडण्याची त्याची कल्पना अखेरपर्यंत त्याच्या मागे सावलीसारखी राहिली. ती कल्पना कुठे कुठे गेली आणि कुणाकुणाच्या कामी आली हे पाहू लागलो, की हा केवळ यंत्रांचा इतिहास राहत नाही.

पत्र्याच्या दुकानातला मुलगा

बोहेमियातले माफर्सडॉर्फ हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. तिथे ३ सप्टेंबर १८७५ रोजी फर्डिनांडचा जन्म झाला. वडील आंतोन हे पत्रेकामातले नाणावलेले कारागीर. थोरल्या मुलाने धंदा पुढे चालवायचा ही तिकडचीही रीत. पण थोरला भाऊ कामावरच्या अपघातात गेला आणि दुकानाची जबाबदारी फर्डिनांडच्या वाट्याला येणार हे ठरून गेले. मुलाचे लक्ष मात्र पत्र्यात नव्हते. जवळच्या राइशेनबर्ग गावातल्या तंत्रशाळेत तो संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागला. दिवसभर हातोडा आणि रात्री विजेचे प्रयोग असा त्याचा दिनक्रम होता. १८९३ साली त्याने घरात विजेचे दिवे लावून दाखवले, तेव्हा या मुलाला दुकानात बसवून ठेवण्यात अर्थ नाही हे बापाला पटले असावे. त्याच वर्षी अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला बेला एगर यांच्या विजेच्या कारखान्यात दाखल झाला.

पदवी नाही आणि ओळखपाळखही नाही. सवड मिळाली की तंत्रविद्यापीठातल्या व्याख्यानांना मागच्या बाकावर जाऊन बसायचे, एवढेच त्याचे उच्च शिक्षण. पण चार वर्षांत तो चाचणी विभागाचा प्रमुख झाला. याच कारखान्यात अलोइसिया केस या तरुणीशी त्याची ओळख झाली, आणि १९०३ साली त्यांनी लग्न केले.

तोवर त्याने मालक बदलला होता. याकोब लोहनर ही व्हिएन्नातली घोड्याच्या बग्ग्या बांधणारी प्रतिष्ठित पेढी. राजदरबाराच्या बग्ग्या तिच्याकडे बांधल्या जात. तिचे चालक लुडविग लोहनर यांना घोड्यांचे दिवस भरत आल्याचे दिसत होते. पेट्रोलच्या गाड्यांचा आवाज आणि धूर शहराला सोसणार नाही, तेव्हा पुढचा काळ विजेच्या गाडीचा, असा त्यांचा कयास होता. त्यांनी पोर्शेला बोलावून घेतले.

वजनाचे गणित

बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध, जिथे सारे आरे येऊन मिळतात, त्या ठोकळ्याला आपण तुंबा म्हणतो. पोर्शेने विजेची मोटर नेमकी या तुंब्यात बसवली. मोटर चाकातच असल्यामुळे साखळी, पट्टा, दाती चाके यांची गरज उरली नाही. वाटेत वाया जाणारी शक्ती वाचली. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ही लोहनर-पोर्शे गाडी मांडली गेली आणि चोवीस वर्षांच्या या तरुणाचे नाव युरोपभर झाले.

पण गाडीला एक मोठे दुखणे होते. तिच्यातल्या शिशाच्या बॅटरीचे वजन ४१० किलो आणि एवढे वजन वाहून गाडी एका दमात जाणार जेमतेम ५० किलोमीटर. जास्त लांब जायचे तर बॅटरी वाढवा आणि बॅटरी वाढवली की वजन वाढते. ते ओढायला पुन्हा जास्त वीज हवी. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकासाठी पोर्शेने चारही चाकांत मोटरी असलेली गाडी बांधली, तर तिच्या बॅटरीचेच वजन १८०० किलो भरले. कर्जाचे व्याज फेडायला नवे कर्ज काढणारी खाती मी बँकेत पुष्कळ पाहिली आहेत. ही गाडी त्याच जातीची होती.

या फेऱ्यातून सुटण्याचा जो मार्ग पोर्शेला सुचला, तो म्हणजे आजच्या हायब्रिडचे बीज. सारी वीज घरून भरून का न्यायची? ती वाटेत तयार करावी. त्याने गाडीत दि दियों-बुताँ कंपनीची दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. प्रत्येक इंजिनाला एक जनित्र जोडलेले. इंजिनांचा चाकांशी थेट काहीच संबंध नाही. त्यांनी फक्त वीज तयार करायची, ती तुंब्यातल्या मोटरींना द्यायची आणि उरली तर बॅटरीत साठवायची. बॅटरी त्यामुळे पुष्कळ लहान करता आली. वाटल्यास इंजिने बंद ठेवून थोडे अंतर नुसत्या बॅटरीवरही जाता येई. गाडीचे नाव ठेवले 'सेम्पर व्हीव्हस', म्हणजे लॅटिनमध्ये नित्य जिवंत. पन्नास किलोमीटरची मजल दोनशेच्या घरात गेली.

आपल्या रेल्वेचे डिझेल इंजिन ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. तिथेही डिझेल थेट चाके फिरवत नाही. डिझेल जनित्र फिरवते, जनित्राची वीज चाकांजवळच्या मोटरींना जाते आणि गाडी हलते.

१९०१ साली याचीच सुधारलेली आवृत्ती 'मिक्स्ट' या नावाने आली. तिच्यात पुढे एकच मोठे डाइम्लर इंजिन होते. पोर्शे स्वतः ती शर्यतीत चालवी. १९०२ साली व्हिएन्नाजवळच्या एक्सेलबेर्गच्या चढावरची शर्यत त्याने या गाडीतून आपल्या गटात जिंकली. त्याच वर्षी लष्करी सरावाच्या वेळी युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना त्याने आपल्या गाडीतून फिरवले. बारा वर्षांनी याच युवराजांच्या हत्येवरून पहिले महायुद्ध पेटणार होते.

हिशेब कुठे चुकत होता

एवढे असूनही हायब्रिडची वाट शंभर वर्षे बंद राहिली. का, हे समजून घ्यायचे तर आजची हायब्रिड पेट्रोल वाचवते कुठे, हे आधी पाहायला हवे.

साध्या गाडीचे इंजिन निवडले जाते ते घाटाच्या चढासाठी आणि ट्रकला ओलांडून जाण्यासाठी. ती ताकद दिवसातून दोन-चार वेळा लागते. एरवी शहरात त्या ताकदीचा लहानसा हिस्साही पुरतो. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव असा की पुरेसा भार असला तरच ते काटकसरीने चालते. भार हलका असला की उधळपट्टी सुरू. लग्नाच्या पातेल्यात दोघांपुरता चहा टाकावा तसे ते होते, चहापेक्षा पातेले तापवण्यातच गॅस जातो. सिग्नलला तर गाडी एक पाऊलही पुढे जात नसताना पेट्रोल जळत असते. आणि सर्वांत मोठी गळती ब्रेकमध्ये. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग आपण ब्रेक दाबून उष्णतेत घालवतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत तो पुन्हा विकत घेतो.

हायब्रिड गाडी या तिन्ही ठिकाणी हात आखडता घेते. थांबली की इंजिन बंद. हळू चालायचे तर नुसत्या मोटरवर. इंजिन चालवायचेच तर त्याला मानवेल अशा भारावर चालवायचे आणि जास्तीची शक्ती बॅटरीत टाकायची. ब्रेक दाबला की मोटर उलट भूमिका घेऊन जनित्र होते. चाकांचा वेग विजेत बदलून बॅटरीत परत जमा होतो. मुंबईच्या नव्या लोकलगाड्याही ब्रेक लावताना अशीच वीज तारेत परत पाठवतात. शिवाय निघताना आणि चढावर मोटर मदतीला असल्यामुळे इंजिन लहान ठेवता येते. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात सुचवलेल्या चक्राचे, जोर कमी पण इंधनाचा कस अधिक काढणारे इंजिनही त्यामुळे वापरता येते.

म्हणूनच साध्या गाडीचा रिवाज इथे उलटा होतो. साधी गाडी हायवेवर चांगले ॲव्हरेज देते आणि शहरात घसरते. हायब्रिडची खरी कमाई शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात आहे. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जायचे असेल तर ना ब्रेक, ना सिग्नल. मग वाचवायला फारसे उरतच नाही. चालवणाऱ्याच्या पायाचाही यात वाटा असतो. दुरून सिग्नल पाहून हलकेच ब्रेक लावला तर बरीच शक्ती बॅटरीत जाते. ऐनवेळी करकचून दाबला तर मोटरीला ती सारी पेलत नाही आणि साध्या ब्रेकच्या चकत्या तापवण्यात ती वाया जाते.

आता पोर्शेच्या गाडीकडे वळू. तिचा उद्देश मजल वाढवण्याचा होता, पेट्रोल वाचवण्याचा नव्हे. पेट्रोलची वीज आणि विजेची पुन्हा गती, या प्रत्येक अदलाबदलीत थोडी दलाली कापली जात होती. मोकळ्या रस्त्यावर साध्या गिअरची गाडी म्हणूनच तिच्यापेक्षा काटकसरी ठरे. बॅटरी शिशाची, वजनदार. किंमत भारी. आणि मुख्य म्हणजे या व्यवहाराला हिशेबनीस नव्हता. इंजिन केव्हा चालवायचे, केव्हा थांबवायचे, बॅटरीत किती टाकायचे, किती काढायचे हा हिशेब आज संगणक अखंड करत असतो. तेव्हा तो सारा दांडे आणि कळा हाताळणाऱ्या चालकाच्या अंदाजावर होता. तोवर पेट्रोल स्वस्त झाले, गिअर सुधारले, आणि लोहनरांची विजेची स्वप्ने मागे पडली. १९०६ साली पोर्शे ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचा तांत्रिक संचालक होऊन वीनर नॉयश्टाटला गेला.

तोफांची आगगाडी

कल्पना मात्र त्याने टाकली नाही. तिला आता नवे गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे सैन्य. पहिल्या महायुद्धात ३८ आणि ४२ सेंटिमीटर तोंडाच्या अजस्र तोफा डोंगराळ वाटांनी न्यायच्या होत्या. पोर्शेने रस्त्यावरून चालणारी आगगाडी बनवली. पुढच्या वाहनात पेट्रोल इंजिन आणि जनित्र, तिथून तारांनी मागच्या प्रत्येक डब्याच्या चाकांतल्या मोटरींना वीज. सेम्पर व्हीव्हसचेच हे थोरले भावंड. या कामाचे चीज झाले. ज्या तंत्रविद्यापीठाच्या मागच्या बाकावर तो चोरून बसत असे, त्यानेच १९१७ साली त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

युद्धानंतर साम्राज्य विरघळले. पोर्शे १९२३ मध्ये श्टुटगार्टच्या डाइम्लरमध्ये गेला, तिथे त्याने मर्सिडिसच्या गाजलेल्या गाड्या केल्या, वरिष्ठांशी त्याचे बिनसले. १९३१ साली त्याने श्टुटगार्टलाच स्वतःची सल्लागार कंपनी काढली. भागीदारांत जावई आंतोन पिएख आणि शर्यतपटू आडोल्फ रोझेनबेर्गर. कंपनीच्या सुरुवातीच्या अडचणीच्या दिवसांत पैशाची बाजू रोझेनबेर्गरने सांभाळली होती. तो ज्यू होता.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याला सर्वसामान्य जर्मन कुटुंबासाठी स्वस्त मोटार हवी होती, पोर्शेला ती किती वर्षे बनवायची होती. १९३४ मध्ये करार झाला. १९३५ साली रोझेनबेर्गरला आपला दहा टक्के हिस्सा केवळ दर्शनी किमतीला सोडावा लागला. भरभराटीला येणाऱ्या कंपनीचा भाग दर्शनी किमतीला विकणे म्हणजे काय, हे ज्याने ताळेबंद वाचले आहेत त्याला वेगळे सांगायला नको. पुढे काही आठवड्यांतच त्याला अटक होऊन छळछावणीत टाकले गेले. सुटल्यावर त्याने देश सोडला. १९३७ साली पोर्शे नाझी पक्षाचा सभासद झाला.

लोकांच्या मोटारीसाठी बचतीची योजना निघाली. दर आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट विकत घेऊन पुस्तकात चिकटवायचे, ९९० मार्क भरले की गाडी. तीन लाख छत्तीस हजार माणसांनी पैसे भरले. त्यांतल्या एकालाही योजनेप्रमाणे गाडी मिळाली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी वाहने बनवू लागला. युद्धानंतर ठेवीदार न्यायालयात गेले आणि १९६१ साली तडजोडीने त्यांना नव्या गाडीच्या किमतीत थोडी सूट मिळाली. ठेवीदाराच्या विश्वासाचा असा विनियोग बँकिंगच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल. त्याहून काळी गोष्ट म्हणजे त्या कारखान्यात युद्धकाळात सुमारे वीस हजार माणसांना सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतून आणलेले कैदी होते. कारखान्याच्या कारभारात पोर्शे आणि त्याचा जावई हे दोघेही मोक्याच्या जागी होते.

आणि याच काळात तुंब्यातल्या विजेने अखेरचा फेरा घेतला. जड रणगाड्यासाठी स्पर्धा लागली तेव्हा पोर्शेने पुन्हा तोच आराखडा काढला, पेट्रोल इंजिने, जनित्रे आणि विजेच्या मोटरी. २० एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, दोन्ही नमुने त्याच्यापुढे चालवले गेले. पोर्शेचा रणगाडा गुंतागुंतीचा, वारंवार बिघडणारा आणि तांबे खाणारा निघाला. निवड दुसऱ्या कंपनीच्या रणगाड्याची झाली. तयार झालेल्या नव्वदएक सांगाड्यांवर तोफा चढवून त्यांना त्याचेच नाव दिले, 'फर्डिनांड'. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या रणात ती धूड उतरली. त्यानंतर १८८ टनांचा 'माउस' नावाचा रणगाडाही त्याने याच तत्त्वावर काढला, पण तो नमुन्यापलीकडे गेला नाही. ४१० किलोची बॅटरी फार जड होते म्हणून ज्या माणसाने एकेकाळी नवी वाट शोधली, तोच आता १८८ टनांचे यंत्र हलवण्याच्या मागे लागला होता.

दिजाँचा तुरुंग आणि नंतर

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. सत्तरी गाठलेला हा माणूस दिजाँच्या तुरुंगात थंडीवाऱ्यात राहिला आणि तिथे त्याची प्रकृती ढासळली. मुलगा फेरी याने एका इटालियन कंपनीसाठी शर्यतीच्या गाडीचा आराखडा करून मिळालेल्या पैशांतून दहा लाख फ्रँकचा जामीन भरला. ऑगस्ट १९४७ मध्ये पोर्शे सुटला. पुढे खटल्यात तो निर्दोष ठरला. हा निकाल फ्रान्समधल्या आरोपांपुरता होता. रोझेनबेर्गरच्या दहा टक्क्यांचा आणि वीस हजार राबणाऱ्यांचा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. १९४८ साली मुलाने पोर्शे नावाची पहिली गाडी बाजारासाठी तयार केली. म्हाताऱ्याने ती पाहिली आणि रस्त्यांवर हजारोंनी धावणाऱ्या बीटलही पाहिल्या. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टला तो वारला.

तो तुरुंगातून सुटला त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९०० सालच्या गाडीला जो हिशेबनीस मिळाला नव्हता, त्याचा जन्म असा झाला. त्याला मोठा होऊन गाडीत बसायला मात्र पन्नास वर्षे लागली. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची 'प्रियस' जपानात बाजारात आली. ताकेशी उचियामादा यांच्या चमूने इंजिनाची शक्ती दाती चाकांच्या एका जुळणीतून दोन वाटांनी वळवली, काही थेट चाकांकडे, काही विजेच्या वाटेने. पोर्शेच्या मांडणीतली दलाली त्यामुळे कमी झाली. जपानी चाचणीत त्या गाडीने लिटरमागे २८ किलोमीटर दिले. २०११ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पोर्शे कंपनीने सेम्पर व्हीव्हसची हुबेहूब, चालणारी प्रतिकृती मांडली, त्या वेळी तिच्या स्वतःच्या हायब्रिड गाड्या बाजारात आलेल्या होत्या.

पोर्शेच्या कल्पनेचा गाभा असा की इंजिनाला चाकाच्या दावणीतून सोडवायचे. चाक फिरले म्हणून इंजिनाने धावायचे नाही, चाक थांबले म्हणून अडकायचे नाही. त्याने त्याच्या मापाने, त्याला जमेल तेवढेच आणि तेव्हाच काम करावे. आजची गाडी सिग्नलला शांत होते ती याच मोकळीकीमुळे. ही मोकळीक ज्या माणसाने यंत्राला दिली, त्याने स्वतः मात्र ती कधी घेतली नाही. युवराज असो, बादशाही सेना असो की हिटलर, जो गिऱ्हाईक समोर आला त्याच्या चाकाला तो जुंपला गेला. काम कोणासाठी आणि कोणाच्या घामावर चालले आहे, हे विचारायला तो कुठल्याच थांब्यावर थांबल्याचे दिसत नाही. त्याची बुद्धी थोर होती यात शंका नाही. तिने केलेली बचत आज आपल्या पदरात पडते आहे, त्याबद्दल त्याचे ऋण मान्य करावे. पण खात्याची दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावी, कारण तिथली येणी अजून कुणी पुरती चुकवलेली नाहीत.